साकीनाक्याचं पाणी, खाडीचा चिखल

मामीने दार उघडलं तेव्हा माझ्या एका हातात दुधाची किटली होती आणि दुसऱ्या हातात झाकणाची बादली. किटलीत बोय माशाची पिल्लं होती, बोटाच्या पेराएवढी. बादलीत आमच्या खाडीतला चिखल होता आणि चिखलात खुबे, म्हणजे शिंपल्यातले जीव, मुंबईकरांच्या तिसऱ्यांचे चुलतभाऊ.

"ह्या काय गो?" मामीने बादलीत डोकावून विचारलं.

"चिखल."

"मुंबईत चिखल कमी असा म्हणान गावाकडसून घेऊन इलंस?"

आता गावी परतले तर जो तो विचारतो, मुंबई कशी आहे? राणीचा बाग पाहिलास? चौपाटीवर गेलीस? मी यातलं काहीही पाहिलं नाही. दिवाळीची सगळी सुट्टी मी एका नाल्याच्या काठाने काढली. आरे कॉलनीच्या झाडीत तो नितळ असतो, साकीनाक्याला त्याचे रंग बदलतात, कुर्ल्याला तो काळा होतो आणि खाली खाडीला मिळतो. ती मुंबई तुमच्यापैकी कुणी पाहिलेली नाही, म्हणून सांगते. गोड वर्णनाची अपेक्षा ठेवू नका. मी चिडून परत आले आहे आणि अजून निवळलेले नाही.

मी मालवणाकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मला ज्यांनी शिकवलं ते सर आता घाटकोपरच्या एका कॉलेजात आहेत. त्यांचा निरोप आला होता. खाडीवरच्या एका कोळीवाड्याने तक्रार केली होती की मासळीला रॉकेलचा वास येतो आणि पिल्लं मरून किनाऱ्याला लागतात. सरकारी कचेरीने बाटल्या भरून नेल्या, तपासल्या आणि कळवलं की पाणी नियमात बसतं. सरांचं म्हणणं एवढंच होतं, की पाणी कागदाच्या नियमात बसतं की नाही ते सोड, त्यात मासा जगतो का ते बघ. ती पद्धत मला येत होती. पद्धत सोपीच आहे. एकाच खाडीतली, एकाच आकाराची पिल्लं घ्यायची. काही चांगल्या पाण्यात ठेवायची, काही संशयाच्या पाण्यात. बाकी सगळं सारखं. चार दिवस बघत राहायचं, कोण जगतं आणि कोण मरतं.

येताना एसटी एका थांब्यावर चहाला थांबली तेव्हा टपरीवाल्याने किटली पाहून विचारलं, "ताई, दूध देता का? माझं नासलंय." मी झाकण उघडून दाखवलं. तो दोन पावलं मागे सरकला आणि मला कोरा चहा मात्र फुकट दिला. प्रवासात मी हसले ती एवढीच.

आरे कॉलनी

सुरुवात वरून करायची ठरवली, जिथे पाणी चांगलं असावं तिथून. बस झाडीतून जाते. मुंबईत असा रस्ता असेल असं मला वाटलं नव्हतं. दोन्हीकडे गवत छातीएवढं, मधेच तबेले, शेणाचा ओला वास, मग पुन्हा झाडी. बसमध्ये मी आणि गवताचे भारे घेतलेल्या दोन बायका.

ओढ्यावर एक बाई भांडी घासत होती, पाड्यावरची. माझ्या पिशवीतल्या बाटल्या पाहून तिने हात थांबवले.

"मोजणीला आलात?"

"नाही. पाणी न्यायला."

"मग पाडा उठवनार नाय ना?"

"मी कोण उठवणार? मी मास्तरीण आहे."

तेव्हा तिने पुन्हा राखेत हात घातला. मी पाणी भरत असताना तिने दगड उलटून एक खेकडा धरला, नंतर आणखी दोन. काठावरच्याच तिच्या चुलीच्या निखाऱ्यावर टाकून, मीठ आणि वाटलेली मिरची लावून माझ्यासमोर ठेवले. आमच्याकडे कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, सार म्हटलं की वाटप, तिरफळं, नारळ, अर्धा दिवस. इथे निखारा आणि मीठ. बोटं चाटत खाल्ले. ज्या पाण्यात खेकडा राहतो ते पाणी कसं आहे हे कुणाला विचारायला लागत नाही.

जरा खाली तबेल्यांचं शेणपाणी ओढ्याला मिळतं. तिथलंही पाणी घेतलं. नंतर प्रयोगशाळेत त्या पाण्यात पिल्लं वर येऊन तोंड उघडू लागली, पण हवेची नळी सोडली तशी ती सावरली. शेणाने पाण्यातली हवा संपते, विष होत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे एका साहेबाने सगळं खापर म्हशींवर फोडायचा प्रयत्न केला.

साकीनाका

माझा वसंतमामा पूर्वी लालबागच्या गिरणीत लूमवर होता. संप फसला, गिरणीने परत घेतलं नाही, आणि घाटकोपरच्या खोलीत बसून तो वर्षभर भिंतीकडे बघत होता असं मामी सांगते. मग साकीनाक्याला एका कारखान्यात काम मिळालं. लोखंडी वस्तूंना क्रोमचा चकचकीत मुलामा देतात तो कारखाना. सायकलची हँडलं, नळाच्या तोट्या, कपाटांच्या कड्या आत मळकट जातात आणि आरशासारख्या बाहेर येतात. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. अशा शेडी गल्लीत एकीला एक चिकटून उभ्या, आणि सगळ्यांची पाठ नाल्याकडे.

मामा तिथे आहे हे मला माहीत होतं. पण मी त्याच्यासाठी तिथे गेले नव्हते. नाल्याच्या काठाने चालत चालत पोहोचले. नाल्याचा रंग एका शेडीमागे हिरवा होता, पुढच्या शेडीमागे पिवळा. एका ठिकाणी पत्र्यातून आलेल्या पाइपाखालचा दगड खाल्ल्यासारखा पोखरला होता. वासाने घसा धरला. काठावर गवताची काडी नव्हती, आणि आदल्याच दिवशी मी ह्याच पाण्यातला खेकडा खाल्ला होता. माझ्या डोक्यात सणक गेली ती तिथे.

मी पाइपाखाली बाटली धरली आणि मागचं दार उघडलं. सफारी घातलेला एक माणूस बाहेर आला. मागोमाग हातात बादली घेऊन माझा मामा.

"क्या भर रही है? किधर से आयी?" तो शेठ होता.

"पाणी घेते आहे."

"किसका पानी? मेरा पानी है ये."

"तुमचं आहे ना? मग नाल्यात कशाला सोडता? आत ठेवा."

तो लाल झाला. त्याने माझ्या हातातली बाटली ओढून घेतली आणि दगडावर आपटली. काचा माझ्या चपलेवर आल्या. "पेपरवाली है क्या? युनियनवाली? वसंत, तू पहचानता है इसको?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा माझा मामा. त्याने नजर बादलीत घातली आणि म्हणाला, "नाही शेठ."

मी चपलेवरच्या काचा झटकल्या आणि निघाले.

रात्रीचं जेवण मी मामीच्या ताटात बघत गिळलं. मामा जेवून गॅलरीत जाऊन बसला. मामीला काही माहीत नव्हतं, ती एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. शेवटी मीच बाहेर गेले.

"मामा, तू मला ओळखत नाहीस?"

"बाय, माका वळख दाखवूक जमाक नाय." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "वळख दाखवली आसती तर उद्या कामावर कोण घेतलो आसतो? एकदा घरात बसलंय. परत नाय बसाचा माका."

मी म्हटलं, "तुझ्या शेठने खाडीची वाट लावली आहे."

"शेठ एकलोच हा काय? अख्खी गल्ली हा."

"म्हणून?"

"म्हणून काय नाय," तो म्हणाला. आणि मग मी पहिल्यांदा त्याची बोटं नीट पाहिली. दिव्याचा उजेड त्यांच्यावर पडला होता. बोटांच्या पेरांवर गोल गोल खड्डे होते, कडा कडक झालेल्या, मधे काळपट. क्रोमचे खड्डे असे असतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकातल्या चित्रातली बोटं कुणाचीही असतात. ही माझ्या मामाची होती. मला त्याचा राग येत होता तो तिथून हलला आणि दुसरीकडे गेला. कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आल्यावर मामाने डब्याच्या पिशवीतून एक बाटली काढली आणि ओट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी ठेवली. आत पिवळसर पाणी.

"शनवारी टाकये नाल्यात सोडतत. आज सोडलेनी. पाइपाच्या तोंडाक धरून भरलंय." मग आवाज खाली आणून, "मामीक सांगू नको."

मामी दारातच उभी होती. तिने बाटली उचलली, पिठापासून दूर, मोरीत नेऊन ठेवली आणि मामासाठी चहा टाकला.

कुर्ला आणि खाली खाडी

कुर्ल्याला नाला काळा होतो. तेलाचे रिकामे पिंप तिथे धुतात, भंगार जाळतात, आणि पाण्यावर तेलाचा पापुद्रा इंद्रधनुष्यासारखा चमकतो. सुंदर दिसतो. आमच्या कॉलेजातल्या एका मुलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाई, किती छान!" मी तिच्यावर ओरडले. नंतर वाईट वाटलं, पण तो पापुद्रा जिथे संपतो तिथे तिने जायला हवं होतं.

तिथे कोळीवाडा आहे. नाव लिहीत नाही, त्यांना आधीच पुरेसा त्रास झाला आहे. सरांनी जानकीबाईंचा पत्ता दिला होता. चाळिशीची बाई, कपाळावर आडवं कुंकू, कासोटा घट्ट. जाळी विणत बसली होती. मी बाटल्या दाखवल्या तशी ती मान न वर करता म्हणाली, "परत बाटलीवाले आले. पुलावर उबं राहून दोरीला बाटली सोरनार ना? भर, भर. आमी काय बोलतंव?"

"पुलावरून?"

"पुलावरशी. भरती फुल्ल होती, समिंदराचं पानी वर आलेलं. भरली न् गेले."

मला ऐकूनच संताप आला. खाडीकाठी वाढलेल्या पोराला विचारा, भरतीला वर येतं ते समुद्राचं पाणी असतं, नाल्याचं नव्हे. त्या माणसांनी भरतीला बाटली भरली ती अज्ञानाने भरली की शहाणपणाने, हे मला आजही कळलेलं नाही. "मी ओहोटीला घेणार," मी म्हणाले. "आणि मला चिखल हवा. बुडाचा."

आता तिने मान वर केली. "कुठली गो तू?"

"मालवण."

"मंग बस होरीत."

तिचा दीर धर्मा होडी हाकत होता. ओहोटी लागली तसं पाणी आमच्या डोळ्यांसमोर रंग बदलत गेलं. धर्माने बांबूला बांधलेलं पत्र्याचं भांडं बुडाला लावून वर काढलं. आमच्या खाडीचा चिखल राखाडी असतो, त्याला कालवांचा, मिठाचा वास येतो. हा चिखल डांबरासारखा काळा होता आणि त्याला वंगणाचा वास होता. मी हाताने चाळला. एक किडा नाही, एक शिंपला नाही. रिकाम्या शिंपल्या मात्र पुष्कळ, एकेकाळच्या.

परत येताना माझा तोल गेला आणि मी गुडघ्यापर्यंत त्या चिखलात उतरले. धर्मा हसला, मीही हसले, आणि रात्रीपर्यंत पोटऱ्यांना लाल पुरळ आलं. मामी खोबरेल चोळत शिव्या देत होती, नक्की कुणाला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

जानकीबाईंनी जेवायला थांबवलं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं लाल कालवण, चिंचेचं आंबट. आमच्यापेक्षा तिखट आणि खोबरं जवळजवळ नाही. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि म्हटलं, "वास तर काही येत नाही."

"कसा येल? यो आमचे खारीचा नाय. भाऊचे धक्क्यावरशी आनलेला."

"आणि तुमच्या खाडीतला?"

"तो आमचे पोरांना नाय देत."

"पण विकता?"

तिचा आवाज चढला. "विकतंव! मंग काय करू? जालं वालत घालून बसू? तुज्या त्या कारखान्यावाल्याला इचार ना, तो त्याचे पोराला ते पानी पाजतंय काय!" तिने माझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला, रागानेच. ती मला खोटी वाटली नाही. पण विकणं बरोबर आहे असंही मला वाटलं नाही, आणि मी तिला तसं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "लिव तुज्या रिपोटात." मी लिहिलं नाही.

घाटकोपर

सरांच्या कॉलेजला सुट्टी होती. प्राणिशास्त्राच्या रिकाम्या प्रयोगशाळेत मी आणि सर, बाहेर फटाके. काचेच्या बरण्या ओळीने मांडल्या. आरेचं पाणी, साकीनाक्याचं, कुर्ल्याचं, खाडीचं भरतीचं आणि ओहोटीचं. बोयची पिल्लं गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांत जगतात, म्हणून तीच निवडली होती. प्रत्येक नमुना जसाच्या तसाही ठेवला आणि स्वच्छ पाणी मिसळून पातळ करूनही.

मामा सुट्टीच्या दिवशी आला. "माका बघूचा असा," एवढंच म्हणाला. त्याच्याच बाटलीतलं पाणी घेतलं. एक हिस्सा ते, नऊ हिस्से स्वच्छ. त्यात पिल्लं सोडली. शेजारच्या बरणीत निव्वळ स्वच्छ पाण्यात त्यांचीच भावंडं सोडली.

सोडल्यावर क्षणभर ती नेहमीसारखी घोळक्याने फिरली. मग एकेक बाजूला झालं. एकाने बरणीच्या काचेवर डोकं आपटलं, पुन्हा आपटलं. मग गोल गोल फिरत, पोट वर करून, ती एकामागून एक खाली बसली. मामाने खुर्चीवर टेकण्याआधी सगळं आटोपलं होतं. शेजारच्या बरणीतली पिल्लं आरामात पोहत होती.

"दहावो हिस्सो?" मामाने विचारलं.

"दहावा."

त्याने दोन्ही हात पॅन्टच्या खिशात घातले. "आमी त्याच्यात दिवसभर हात घालतंव," तो म्हणाला, आणि बराच वेळ बरणीसमोरून हलला नाही. सर त्याला चहा विचारायला आले होते, ते तसेच मागे फिरले.

बाकीच्यांचं ऐका. आरेच्या पाण्यात सगळी जगली. कुर्ल्याच्या पाण्यात दुसरा दिवस कुणी पाहिला नाही. खाडीच्या भरतीच्या पाण्यात जवळजवळ सगळी जगली, म्हणजे कचेरीने खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी जे पाणी नेलं ते खरंच नियमात बसणारं होतं. ओहोटीच्या पाण्यात बरीच मेली, उरलेली लुळी पडली.

पण माझा जीव चिखलात अडकला होता. दोन पसरट भांडी घेतली. एकात आमचा चिखल, दुसऱ्यात जानकीबाईंच्या खाडीचा. वर दोन्हीत स्वच्छ खारं पाणी. दोन्हीत खुबे ठेवले. खुब्याला चिखल मिळाला की तो पाय बाहेर काढतो, चिखलात रोवतो आणि बघता बघता आत जातो. आमच्या चिखलात ते गेले. वर फक्त बारीक भोकं राहिली. दुसऱ्या भांड्यात एकाने पाय बाहेर काढला, चिखलाला लावला आणि झटकन मागे घेतला. पुन्हा काढला, पुन्हा घेतला. मग तो शिंपला मिटून वरच पडून राहिला. सगळे तसेच. घरात शिरायला नकार दिल्यासारखे. चौथ्या दिवशी शिंपले उघडे पडले आणि वास सुटला.

सर भांड्यावर वाकले आणि म्हणाले, "पाणी वाहून जातं, सुलभा. हा चिखल राहणार."

अंधेरी

कचेरी अंधेरीला होती. मी ती दोन्ही भांडी घेऊन गेले, नवे खुबे घालून. सर म्हणत होते रिपोर्ट पुरे. मला साहेबाच्या टेबलावर ती भांडी ठेवायची होती.

साहेब सभ्य होता. त्याने पेपर सरकवून जागा केली, पाहिलं आणि म्हणाला, "इंटरेस्टिंग. पण हे प्राणी तुम्ही गावाहून आणलेत. प्रवासाने दगावले असतील."

"दोन्ही भांड्यांतले एकाच बादलीतून आलेत. एकाच एसटीने."

"मग वर आरेला म्हशी आहेत. त्यांचा मळ..."

"तेही पाणी तपासलंय. त्यात मासे जगले."

तो खुर्चीत मागे टेकला. "मॅडम, आमच्याकडे पाण्यासाठी नियम आहेत. चिखलासाठी नाहीत. चिखलात काय किती असावं, असं कुठे लिहिलेलंच नाही. जे लिहिलेलं नाही त्याचं उल्लंघन कसं होणार?"

"खुबा चिखलात राहतो, साहेब. तुमच्या नियमात राहत नाही."

सरांनी माझ्या कोपराला हात लावला. साहेब हसला आणि म्हणाला, "रिपोर्ट ठेवून जा. कारवाई होईल."

आणि कारवाई झाली! सरकार इतक्या चपळाईने हलू शकतं हे मला माहीत नव्हतं. मी परतायच्या तयारीत असताना धर्मा घाटकोपरला शोधत आला. "वहिनीनं बोलावलंय. लगीच." त्याने कारण सांगितलं नाही.

खाडीच्या धक्क्यावर नवाकोरा पत्र्याचा बोर्ड उभा होता. लाल अक्षरं. या खाडीतील मासे व शिंपले खाण्यास अयोग्य आहेत, येथे मासेमारी व विक्री करू नये. खाली हुकमावरून.

जानकीबाई त्याच्याजवळ टोपली घेऊन बसली होती. टोपलीत भाऊच्या धक्क्यावरून आणलेले पापलेट होते, ताजे, चंदेरी. एक बाई आली, बोर्ड वाचला आणि पदर नाकाला लावून वळली. मी धावत तिच्यामागे गेले. "अहो, हे इथले नाहीत, भाऊच्या धक्क्यावरचे आहेत, चांगले आहेत." ती म्हणाली, "तुम्ही कोण?" मी काय सांगणार होते? बोर्ड जिच्यामुळे लागला ती मी, हे? बाई निघून गेली.

"वाच," जानकीबाई म्हणाली. "जोरानं वाच. त्यात कारखान्याचं नाव कुठं हाय ते दाव."

मी तशीच कचेरीत गेले. साहेब बाहेर निघाला होता. जिन्यातच म्हणाला, "तुमच्याच चाचणीवरून लावला, मॅडम. तुमचं समाधान व्हायला हवं."

त्या जिन्यात मी काय बोलले ते इथे छापता येणार नाही. त्याने ते ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि गेला.

पुन्हा साकीनाका

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीवाड्यातल्या बायकांनी बोर्ड उपटला. मी नको म्हटलं नाही. खाडीत टाकून द्या असं एकीने सुचवलं, त्यावर जानकीबाई म्हणाली, "हितं आदीच काय कमी टाकलंय?" मग मला विचारलं, "तू सांगितलंस तो पिवला पानी कुठं भरलंस?"

आम्ही बसने गेलो. सहा-सात कोळणी, टोपल्या, मी, आणि बोर्ड. कंडक्टरने दारातच अडवलं.

"ओ मावशी, हे काय? लगेज लागेल याचं."

"सरकारी हाय रे," जानकीबाई म्हणाली. "सरकारकडशी घे."

बसमधली माणसं हसली. कंडक्टरनेही वाचून पाहिलं आणि घंटी मारली.

गल्लीच्या तोंडाशी, नाल्याला लागून, त्यांनी खड्डा केला आणि बोर्ड उभा केला. कारखान्यांतून माणसं बाहेर आली. मामा आला. हात पुसत पुढे झाला आणि बोर्ड डुगडुगत होता तिथे दगड लावून पाय मारून घट्ट केला. शेठ त्याच्या मागे उभा होता. मामाने वळून पाहिलं नाही.

पोलीस यायला वेळ लागला नाही. आम्हा सगळ्यांना आणि बोर्डाला चौकीत नेलं. फौजदार तरुण होता, वैतागलेला.

"सरकारी बोर्ड उपटलात?"

"व्हय," जानकीबाई म्हणाली.

"का?"

"चुकीचे जागी लावलेला, सायेब. मासे मरतात ते हितं. आमचेकडं नुस्ते वाहून येतात."

फौजदाराने पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग पेन खाली ठेवून त्याने हवालदाराला चहा आणायला पाठवलं. संध्याकाळी दम देऊन सोडलं.

पुढचं थोडक्यात. मामाला शेठने दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नाही. आता तो विक्रोळीला एका गोदामावर वॉचमन आहे, बोटांवरचे खड्डे भरत आले आहेत असं मामी कळवते. सरांनी तीच चाचणी आणखी दोन कॉलेजांना करायला लावली आहे आणि कोळ्यांच्या सोसायटीने वकील गाठला आहे. मी मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा खुबे घेऊन जाणार आहे. शनिवारी टाक्या सुटतात, अजूनही.

बोर्ड खाडीवर परत लागला नाही आणि गल्लीतही नाही. तो चौकीच्या भिंतीला टेकून उभा आहे. हवालदार त्यावर शर्ट वाळत घालतात.